पाठीमागे उभा असलेला वादक : जॅझ डबल बेसवादक यूजीन राइट यांचे जीवन व कार्य

बीजसंज्ञा : जॅझ, डबल बेस, यूजीन राइट, डेव्ह ब्रूबेक चतुष्ट्य, वर्णभेद, सांस्कृतिक राजनय, मुंबई

प्रस्तावना

पोवाड्याच्या फडात शाहिराच्या पाठीमागे तुणतुणे घेऊन उभा असलेला सुरत्या सर्वांना दिसतो; परंतु त्याचे नाव सहसा कोणी विचारीत नाही. शाहीर थांबला तर फड थांबतो हे सर्वांस कळते. सुरत्याचा सूर हरवला तर शाहिराचे काय होईल, हे मात्र फडातील माणसांनाच ठाऊक असते. पाश्चात्त्य संगीतातील जॅझ या प्रकारात असेच काम डबल बेस वाजवणाऱ्याकडे असते. प्रस्तुत लेखात यूजीन राइट (१९२३–२०२०) या आफ्रिकन-अमेरिकन डबल बेसवादकाच्या जीवनाचा व कारकिर्दीचा परिचय करून देण्याचा प्रयत्न आहे. डेव्ह ब्रूबेक या श्वेतवर्णीय पियानोवादकाच्या प्रसिद्ध चतुष्ट्यात राइट यांनी सुमारे दहा वर्षे बेस वाजवला आणि १९५८ साली त्या चतुष्ट्याबरोबर ते मुंबईसही आले.

यवतमाळ शहराला लागून असलेल्या लोहाऱ्यासारख्या ठिकाणी बसून शिकागोच्या एका बेसवादकाविषयी का लिहावे, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केला, तेव्हापासून हा विषय मराठी माणसाला परका राहिलेला नाही. डॉ. जनार्दन वाघमारे यांच्यासारख्या अभ्यासकांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे साहित्य मराठीत आणले. त्यांच्या संगीताकडे मात्र आपले तुलनेने कमी लक्ष गेले. राइट यांच्या बाबतीत तर वर्णभेदाचा प्रश्न अगदी साध्या रूपात उभा राहिला : रंगमंचावर या माणसाने नेमके कोठे उभे राहावे?

वाद्य आणि त्याचे काम

डबल बेस हे व्हायोलिनसारखे दिसणारे, परंतु माणसाच्या उंचीपेक्षाही सहसा उंच असलेले वाद्य आहे. वादक उभा राहून किंवा उंच स्टुलावर टेकून ते वाजवतो. त्याला साधारणतः चार तारा असतात. सर्वांत खालच्या तारेची कंपनसंख्या सेकंदाला सुमारे ४१ असते आणि त्यावरील तारा प्रत्येकी चौथ्या स्वराच्या अंतराने लावलेल्या असतात. म्हणजे एक तार षड्ज मानली तर तिच्या वरची तार शुद्ध मध्यमाची. युरोपीय वाद्यवृंदात हे वाद्य प्रामुख्याने गजाने वाजवतात, तर जॅझमध्ये बहुतांशी बोटांनी तारा छेडून.

बेसवादकाकडे एकाच वेळी दोन कामे असतात. पहिले लयीचे. दर मात्रेला एक याप्रमाणे तो स्वर देत जातो. या पद्धतीला ‘चालता बेस’ म्हणतात, आणि तो खरोखरच एका चालीने निघालेल्या माणसाच्या पावलांसारखा वाटतो. दुसरे काम स्वरसंवादाचे. जॅझमध्ये मूळ धुनेखाली स्वरसंघांची एक ठराविक मालिका असते. एकल वादन करणारा कलावंत त्या मालिकेवर आपली कल्पना विस्तारीत असतो, तेव्हा मालिकेतील कोणता टप्पा चालू आहे याची खूण बेसचा स्वर देत असतो. आपल्याकडे तंबोरा आधारस्वर देतो व तबला ठेका धरतो. बेसवादकाला या दोन्ही भूमिकांचा काही अंश एकट्याने सांभाळावा लागतो. शिवाय तंबोऱ्याचा षड्ज मैफलभर तोच राहतो, बेसची पायाभूमी मात्र क्षणाक्षणाला सरकते. त्यामुळे ही तुलना फार ताणता येणार नाही.

येथे एक गमतीची गोष्ट नमूद करावीशी वाटते. जुन्या रेडिओचा लहान कर्णा ४१ किंवा ५५ कंपनसंख्येचा स्वर जवळजवळ उमटवूच शकत नसे. तरीही श्रोत्याला बेस ऐकू येई. कारण प्रत्येक स्वराबरोबर त्याचे उपस्वरही निर्माण होतात आणि केवळ त्या उपस्वरांवरून आपली श्रवणयंत्रणा मूळ स्वर मनात उभा करते. रेडिओ सिलोनवर किंवा १९५७ साली सुरू झालेल्या विविध भारतीवर हिंदी गाणी ऐकणाऱ्या आपल्या मागच्या पिढीने डबल बेस असाच ऐकला आहे. प्रत्यक्ष हवेत जवळपास नसलेला, तरी कानाला जाणवणारा.

पूर्वायुष्य

यूजीन जोसेफ राइट यांचा जन्म २९ मे १९२३ रोजी शिकागो येथे झाला. दक्षिणेकडील कापसाच्या प्रदेशातून उत्तरेच्या कारखान्यांकडे आलेल्या कृष्णवर्णीयांनी हे शहर त्या काळात जॅझचे एक मोठे केंद्र बनवले होते. शाळेत राइट कॉर्नेट हे फुंकवाद्य शिकले. डबल बेस त्यांनी पुष्कळसा स्वतःच्या प्रयत्नाने आत्मसात केला. वयाच्या विशीतच त्यांनी ‘ड्यूक्स ऑफ स्विंग’ या नावाचा स्वतःचा मोठा वाद्यवृंद उभारला. पुढे ‘सन रा’ या नावाने विख्यात झालेले सनी ब्लाउंट हे त्या काळात या वृंदाशी संबंधित होते. ही बाब महत्त्वाची अशासाठी की, राइट यांचे नाव पुढे कायम दुसऱ्याच्या नावाखाली येत राहिले. प्रारंभ मात्र त्यांनी वृंदप्रमुख म्हणून केला होता.

त्यानंतरच्या दशकभरात त्यांनी जीन अॅमन्स, काउंट बेसी, आर्नेट कॉब, बडी डीफ्रँको, रेड नॉर्वो, कॅल जेडर अशा अनेकांबरोबर वादन केले. यांपैकी काउंट बेसी यांच्या वृंदाचा (१९४८–४९) उल्लेख विशेष करावयास हवा. लयीच्या सहज, न ताणलेल्या झुलत्या गतीसाठी हा वृंद प्रसिद्ध होता. त्या वृंदात बेस वाजवणे म्हणजे कमीत कमी स्वरांत सर्वांना एकत्र बांधून ठेवण्याची शिस्त अंगी बाणवणे होय. राइट यांच्या वादनात ही शिस्त अखेरपर्यंत दिसते. धीरगंभीर वागणुकीच्या या माणसाला सहकारी ‘सिनेटर’ म्हणत.

ग्रीनव्हिल ते मुंबई : १९५८

१९५८ च्या आरंभी, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, राइट ब्रूबेक चतुष्ट्यात दाखल झाले. पियानोवर ब्रूबेक, आल्टो सॅक्सोफोनवर पॉल डेसमंड, ड्रमवर जो मोरेल्लो आणि बेसवर राइट अशी ही रचना होती. पहिले तिघे श्वेतवर्णीय होते. ब्रूबेक यांची लोकप्रियता प्रामुख्याने महाविद्यालयांतून निर्माण झालेली होती. नाइट क्लबांतील जॅझ त्यांनी महाविद्यालयीन सभागृहात नेले होते आणि १९५४ साली ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र झळकले होते. तो मान आपल्याआधी ड्यूक एलिंग्टन यांना मिळावयास हवा होता, अशी खंत ब्रूबेक यांनी पुढे अनेकदा व्यक्त केली.

त्या वेळची परिस्थिती लक्षात घेतली पाहिजे. शाळांतील वर्णविभाजन घटनाबाह्य असल्याचा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली दिला होता. तरीही सप्टेंबर १९५७ मध्ये लिटल रॉक येथे नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना शाळेत प्रवेश मिळवून देण्यासाठी संघराज्य सरकारला सैन्य पाठवावे लागले. दक्षिणेतील बहुसंख्य सार्वजनिक महाविद्यालयांत कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता, आणि एकाच रंगमंचावर गोऱ्या-काळ्या वादकांनी एकत्र बसणेही अनेकांना खपत नव्हते.

फेब्रुवारी १९५८ मध्ये नॉर्थ कॅरोलायना राज्यातील ग्रीनव्हिल येथील ईस्ट कॅरोलायना कॉलेजात चतुष्ट्याचा कार्यक्रम होता. सभागृह भरले होते. राइट रंगमंचावर येणार असल्याचे कळताच महाविद्यालयाच्या अधिकाऱ्यांनी हरकत घेतली. राइट यांच्याविना वाजवण्यास ब्रूबेक यांनी नकार दिला. आत विद्यार्थी पाय आपटू लागले. बाहेर अधिकाऱ्यांची धावपळ सुरू झाली आणि प्रकरण राज्याच्या गव्हर्नरपर्यंत गेले. अखेर परवानगी मिळाली. अट अशी की बेसवादकाने पाठीमागे, फारसे नजरेस येणार नाही असे उभे राहावे. ब्रूबेक यांनी पुढे सांगितलेल्या हकिकतीनुसार, कार्यक्रम सुरू झाल्यावर त्यांनी राइट यांचा ध्वनिक्षेपक बिघडल्याचे निमित्त केले आणि निवेदनाच्या ध्वनिक्षेपकासमोर, रंगमंचाच्या अगदी पुढच्या कडेला, एकल वादनासाठी त्यांना बोलावून घेतले. विद्यार्थ्यांनी प्रचंड दाद दिली.

या प्रसंगानंतर थोड्याच दिवसांत चतुष्ट्य परदेशी रवाना झाले. सोव्हिएत संघाशी चाललेल्या शीतयुद्धात अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने १९५६ पासून जॅझ वादकांना सांस्कृतिक दूत म्हणून पाठवण्यास सुरुवात केली होती. डिझी गिलेस्पी यांचा वृंद सर्वप्रथम गेला. गोरे-काळे एकत्र वाजवीत आहेत हे दृश्य आशिया-आफ्रिकेतील नवस्वतंत्र राष्ट्रांना दाखवणे, हा या योजनेचा एक उघड हेतू होता. ब्रूबेक चतुष्ट्याचा दौरा पोलंड, तुर्कस्तान, भारत, सिलोन, पाकिस्तान, अफगाणिस्तान, इराण, इराक असा झाला. म्हणजे ज्या माणसाला स्वतःच्या देशातील एका महाविद्यालयाने पाठीमागे उभे राहण्यास सांगितले, तोच काही आठवड्यांनी त्या देशाच्या समतेचा पुरावा म्हणून जगासमोर उभा करण्यात आला. ही विसंगती ब्रूबेक दांपत्यालाही बोचत होती. पुढे त्यांनी लुई आर्मस्ट्राँग यांना मध्यवर्ती ठेवून ‘द रिअल अॅम्बॅसडर्स’ ही उपरोधिक संगीतिका रचली. १९६१ मधील तिच्या ध्वनिमुद्रणात बेस राइट यांचाच आहे.

भारतात हे वादक राजकोट, मुंबई, दिल्ली, हैदराबाद, मद्रास व कलकत्ता येथे गेले. त्या वेळी द्वैभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात होते. त्यामुळे राजकोट, मुंबई आणि आपले यवतमाळ ही तिन्ही ठिकाणे एकाच राज्यात मोडत होती, हे आज सांगितल्यावर विद्यार्थ्यांना नवल वाटते. मुंबईत ब्रूबेक यांचा सतारवादक उस्ताद अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्याशी सांगीतिक संवाद झाला आणि त्याचा आपल्या वादनावर परिणाम झाल्याचे त्यांनी मान्य केले. मद्रासमध्ये मोरेल्लो यांनी मृदंगवादनाचा अनुभव घेतला. दौऱ्यानंतर त्याच वर्षी निघालेल्या ‘जॅझ इम्प्रेशन्स ऑफ युरेशिया’ या ध्वनिमुद्रिकेत ‘कलकत्ता ब्लूज’ नावाची रचना आहे. तीत मोरेल्लो यांचे ड्रमवादन तबल्याची आठवण करून देते आणि स्वरसंघांची नेहमीची धावपळ बाजूला ठेवून संगीत एका आधारस्वराभोवती फिरते. चालत्या बेसची सवय असलेल्या वादकाने असे एका जागी स्थिर राहणे दिसते तितके सोपे नाही.

मुंबईतील पूर्वपीठिका

मुंबईला आफ्रिकन-अमेरिकन वादक नवे नव्हते. १९३५ साली लिऑन अॅबी यांचा वृंद ताजमहाल हॉटेलात आला होता. पाठोपाठ क्रिकेट स्मिथ व टेडी वेदरफर्ड हे वादक येथे राहून गेले. त्यांच्याकडून गोव्याच्या ख्रिस्ती वादकांनी जॅझ उचलला. हळदोण्याचे अँटोनियो झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट हे ट्रम्पेटवादक त्यांतील सर्वांत नावाजलेले. पुणतांब्यात जन्मलेले व नागपूरला शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकलेले आपले रामचंद्र चितळकर ऊर्फ सी. रामचंद्र यांनी या वादकांना चित्रपटसंगीतात मोठ्या प्रमाणावर आणले. ‘अलबेला’ (१९५१) मध्ये चिक चॉकलेट आपल्या वृंदासह पडद्यावरही दिसतात.

परंतु असे पडद्यावर दिसणे हा अपवाद होता. मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत शेकडो गाण्यांना डबल बेसचा पाया होता, आणि श्रेयनामावलीत त्या वादकांची नावे नव्हती. संगीतकाराचे नाव येई, कधी सहायकाचेही. बेस वाजवणाऱ्याला त्या दिवसाचे मानधन मिळे आणि तेथेच त्याचा गाण्याशी संबंध संपे. आपल्या लग्नांतून वाजंत्री वाजल्याशिवाय अक्षता पडत नसत आणि वाजंत्र्यांची पंगत मात्र वेगळी बसे, ही आठवण प्रस्तुत लेखकाच्या पिढीला अजून आहे. संगीत हवे आहे, परंतु संगीत निर्माण करणारा माणूस बाजूलाच राहावा, ही वृत्ती कोणा एका देशाची मक्तेदारी नाही.

‘टाइम आउट’ आणि बेसची कामगिरी

१९५९ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्क येथे ध्वनिमुद्रित झालेली ‘टाइम आउट’ ही राइट यांच्या कारकिर्दीतील सर्वांत विख्यात ध्वनिमुद्रिका होय. जॅझ तोवर प्रामुख्याने चार मात्रांच्या आवर्तनात वाजे. या ध्वनिमुद्रिकेत वेगळी आवर्तने जाणीवपूर्वक योजली आहेत. ‘ब्लू रोंडो आ ला तुर्क’ या रचनेत नऊ मात्रांची २-२-२-३ अशी विभागणी आहे. तिची कल्पना ब्रूबेक यांना तुर्कस्तानातील रस्त्यावरच्या वादकांकडून मिळाली. डेसमंड यांची ‘टेक फाइव्ह’ ही रचना पाच मात्रांची असून तिची विभागणी ३-२ अशी आहे. झपतालाच्या २-३-२-३ या चालीला सरावलेल्या आपल्या कानाला ती अवघड वाटत नाही. अमेरिकन श्रोत्याला मात्र ती चमत्कारिक वाटली, आणि तरीही आवडली. पुढे ही ध्वनिमुद्रिका दहा लाखांहून अधिक खपली.

‘टेक फाइव्ह’च्या मध्यावर मोरेल्लो यांचे ड्रमचे एकल वादन आहे. ते चालू असताना पियानो आणि बेस तोच एक छोटा आकृतिबंध पुन्हा पुन्हा वाजवीत राहतात. तबल्याच्या एकल वादनात हार्मोनियम किंवा सारंगीवर लेहरा धरतात, तसाच हा प्रकार. लेहरा धरणाऱ्याने स्वतः काही करून दाखवावयाचे नसते. त्याने आवर्तनाची जागा राखावयाची असते. मोरेल्लो ठोके रोखून धरतात, मात्रा सोडून देतात, मधेच नुसती शांतता ठेवतात. त्या शांततेतही पाच मात्रा चालू असल्याचे श्रोत्याला कळते ते या लेहऱ्यामुळे. ब्रूबेक स्वतः मूळ लयीवर दुसरी लय चढवण्याचा खेळ आवडीने खेळत. ते तीनच्या गतीने गेले तरी खाली बेस चारच्या गतीने निश्चलपणे चालत राही. राइट यांच्याइतका न डगमगणारा बेसवादक नसता तर या चतुष्ट्याचे लयीचे प्रयोग कितपत तग धरते, याविषयी प्रस्तुत लेखकास शंका वाटते. समीक्षकांनी मात्र बहुतेक शब्द उरलेल्या तिघांवर खर्च केले.

राइट यांचे एकल वादन ऐकावयाचे असल्यास फेब्रुवारी १९६३ च्या कार्नेगी हॉलमधील मैफलीचे ध्वनिमुद्रण ऐकावे. ‘द रिअल अॅम्बॅसडर्स’मधील ‘किंग फॉर अ डे’ ही रचना तेथे खास बेससाठी ठेवलेली आहे. त्याआधी १९६२ साली त्यांच्या स्वतःच्या नावे ‘द राइट ग्रूव्ह’ ही ध्वनिमुद्रिका निघाली होती.

महाविद्यालयांचा नकार

‘टाइम आउट’ तयार झाली त्याच वर्षी, १९५९ मध्ये, जॉर्जिया विद्यापीठातील चतुष्ट्याचा कार्यक्रम राइट यांच्या उपस्थितीमुळे रद्द झाला. १९६० च्या आरंभी दक्षिणेतील पंचवीस महाविद्यालये व विद्यापीठे यांचा दौरा ठरला होता. त्यांपैकी बहुतेक संस्थांनी एकच अट घातली : बेसवादक बदला. ब्रूबेक यांनी ती धुडकावली. दौरा मोडला आणि सुमारे ४० हजार डॉलरचे उत्पन्न बुडाले. एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात राइट चित्रात येणार नाहीत अशा रीतीने कॅमेरे लावण्याचे ठरले होते. तो कार्यक्रमही ब्रूबेक यांनी नाकारला.

या घटनांची नोंद घेताना दोन गोष्टींकडे लक्ष वेधावेसे वाटते. पहिली, नकार देणाऱ्या या साऱ्या शिक्षणसंस्था होत्या. दारू विकणाऱ्या क्लबांत मिश्र वृंद चालत होते, परंतु ज्ञानदान करणाऱ्या सभागृहांत चालत नव्हते. आपण महाविद्यालयात शिकवणाऱ्यांनी हे वाचून मान खाली घालावी असे आहे, आणि ईस्ट कॅरोलायनात पाय आपटून वादकाची मागणी करणारे विद्यार्थीच होते हेही विसरू नये. दुसरी गोष्ट अधिक अडचणीची आहे. हा सारा इतिहास सामान्यतः ब्रूबेक यांच्या औदार्याची कथा म्हणून सांगितला जातो. ब्रूबेक यांचे वर्तन निःसंशय धैर्याचे होते. परंतु त्या कथेत राइट केवळ निमित्तमात्र उरतात. ज्याच्यासाठी दुसऱ्याने त्याग केला असा एक माणूस. वास्तविक प्रत्येक वेळी त्या सभागृहात पाऊल टाकण्याची जोखीम त्यांची होती. पुढील गावी कोणत्या हॉटेलात झोपावयास मिळेल, कोठे जेवण मिळेल, हे प्रश्न त्या काळी कृष्णवर्णीय वादकापुढेच होते. आणि हे सर्व मनात ठेवून रात्री मात्रा न चुकवता वाजवणे हे काम त्यांना एकट्याला करावे लागत होते. रंगमंचावर पाठीमागे उभे राहण्याची सक्ती ब्रूबेक यांनी मोडून काढली. लेखनात मात्र राइट अद्यापि बरेचसे पाठीमागेच आहेत.

उत्तरकाल

सार्वजनिक ठिकाणी वर्णभेदास बंदी घालणारा नागरी हक्क कायदा १९६४ साली झाला. डिसेंबर १९६७ मध्ये चतुष्ट्य विसर्जित झाले. ब्रूबेक यांना मोठ्या सांगीतिक रचनांकडे वळावयाचे होते. १९७६ साली रौप्यमहोत्सवानिमित्त चौघे पुन्हा एकत्र आले. पुढच्याच वर्षी डेसमंड यांचे निधन झाले.

राइट यांनी नंतरच्या काळात माँटी अलेक्झांडर या जमैकन पियानोवादकाच्या त्रयीत (१९७१–७४) वादन केले, चित्रपट व दूरचित्रवाणीच्या ध्वनिमुद्रणगृहांत काम केले आणि अध्यापनही केले. मोरेल्लो २०११ मध्ये व ब्रूबेक २०१२ मध्ये गेले. ३० डिसेंबर २०२० रोजी लॉस एंजेलिस येथे वयाच्या ९७ व्या वर्षी राइट यांचे निधन झाले, तेव्हा त्या चौघांपैकी तेच एकटे उरले होते.

त्यांच्या चरित्रात एक नोंद ओझरती येते. चतुष्ट्य मोडल्यानंतर, १९६९–७० मध्ये, राइट यांनी पुन्हा स्वतःचा वृंद उभारला आणि तो घेऊन ते दौऱ्यावर निघाले. हा दौरा कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांचा होता. वृंदप्रमुख या नात्याने या वेळी निवेदनाचा ध्वनिक्षेपक त्यांच्याच पुढ्यात होता.